दोन विमानतळांमधलं अंतर एकच, मग वेळेचा हिशोब का जुळत नाही?

निळी_छत्री

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये आई पहिल्यांदाच एकटी विमानाने जाणार आहे. लंडनच्या हीथ्रोवरून न्यूयॉर्कच्या जेएफकेला, आणि साधारण महिन्याभराने परत. तिला मधुमेह आहे, दिवसातून दोनदा इन्सुलिन घ्यावं लागतं. त्यामुळे "किती वाजता पोचणार" यापेक्षा "मधे खरोखर किती तास जाणार" हा आकडा मला पक्का हवाय. तोच काढायला बसले आणि दोन दिवस झाले, हिशोब काही केल्या जुळेना.

पहिला घोळ अंतराचा. एका ठिकाणी ५,५४० लिहिलंय, दुसरीकडे ३,४४२ आणि तिसरीकडे २,९९१. विमानतळ तेच दोन!

दुसरा घोळ वेळेचा. जाताना आठ तासांच्या आसपास, येताना पावणेसात. रस्ता तोच असेल तर सव्वा तासाचा फरक पडतो कसा?

तिसऱ्याने मात्र डोकं उठवलंय. तिकिटावर जाताना हीथ्रोवरून निघायची वेळ ११:२० आणि जेएफकेला पोचायची १५:१५, दोन्ही तिथल्या तिथल्या घड्याळाप्रमाणे. न्यूयॉर्क लंडनच्या पाच तास मागे. म्हणजे ८ तास ५५ मिनिटं झाली ना? तिकिटावर छापलंय ७ तास ५५ मिनिटं. परतीचं मात्र बरोबर बसतं. रात्री २१:३० ला निघून सकाळी ९:२० ला पोचणार, मधले पाच तास वजा केले की ६ तास ५० मिनिटं, आणि तिकिटावरही तेच.

एका बाजूचा हिशोब जुळतो आणि दुसऱ्या बाजूचा एक अख्खा तास गायब होतो. जाणकारांनी कृपया सांगा. आईच्या औषधाचा प्रश्न आहे, अंदाजावर सोडवत नाही.

गणिताची_वही

पहिला घोळ लगेच सुटतो. तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त मापं वेगळी. ५,५४० हे किलोमीटर, ३,४४२ हे आपण रस्त्यावर मोजतो ते मैल, आणि २,९९१ हे नॉटिकल मैल. विमानं आणि जहाजं नॉटिकल मैलात चालतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी, म्हणजेच अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग, एक मिनिट. नकाशा आणि माप असं एकमेकांत बसवलेलं आहे म्हणूनच ते अजून टिकून आहे.

यापुढे कुठेही नुसतं "मैल" दिसलं की कोणता मैल ते आधी बघा. दोघांत पंधरा टक्क्यांचा फरक आहे.

उनाड_पाऊल

मला नेहमी पडणारा प्रश्न विचारून घेतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाच्या दिशेने न्यूयॉर्क स्वतःच सरकत येतंय. जाताना वेळ कमी लागायला हवा. इथे तर उलटंच दिसतंय.

झाडाखालची_शाळा

@उनाड_पाऊल, मी भूगोल शिकवते आणि दरवर्षी कुणीतरी मूल हा प्रश्न विचारतंच. फार चांगला प्रश्न आहे. उत्तर असं की पृथ्वीबरोबर हवाही फिरते. विमान हवेत उडतं, म्हणजे तेही आधीपासूनच त्या फिरण्यात सामील असतं. चालत्या रेल्वेच्या डब्यात चेंडू सरळ वर फेकला तर तो परत हातातच येतो, मागच्या बाकावर जाऊन पडत नाही. तसंच.

फरक पडतो तो हवेच्या स्वतःच्या वाहण्यामुळे. मध्य अक्षांशांत साधारण ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वाऱ्याचा एक अरुंद, वेगवान पट्टा असतो, तो जेट स्ट्रीम. विषुववृत्ताकडची हवा गरम, ध्रुवाकडची थंड, आणि या तफावतीतून तो तयार होतो. हिवाळ्यात ही तफावत वाढते, म्हणून तेव्हा तो जोरात असतो. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून त्याचा माग काढला आणि निष्कर्ष एस्परांतो भाषेत छापले. सगळ्या जगाला वाचता यावेत ही त्यांची इच्छा. पण ती भाषा वाचणारेच थोडे, त्यामुळे बाहेर फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. मला या माणसाबद्दल फार वाईट वाटतं.

उनाड_पाऊल

डब्यातल्या चेंडूने काम झालं. धन्यवाद मॅडम!

धावपट्टी_२७

मी बरीच वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये काम केलंय, म्हणजे उड्डाणाआधी मार्ग, इंधन आणि वेळ ठरवणाऱ्या खोलीत. निळी_छत्री ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो.

अंतर भूमितीतून येतं. दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि पृथ्वीच्या पाठीवरून त्यांच्यातला सगळ्यात लहान चाप मोजायचा, झालं. प्रत्येक विमानतळाचा एक ठरलेला संदर्भबिंदू असतो, तो सहसा धावपट्ट्यांच्या मध्याजवळ धरतात. ५,५४० किमी हे त्या दोन बिंदूंमधलं अंतर. या रेषेवरून विमान जवळजवळ कधीच जसंच्या तसं उडत नाही.

वेळेची गोष्ट वेगळी. तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम. गेटवर चाकांखालचे अडसर काढले तिथून मोजणी सुरू, आणि दुसऱ्या गेटवर परत अडसर लावले तिथे संपली. आम्ही चार क्षण लिहून ठेवायचो: गेट सोडलं, जमीन सोडली, जमिनीला टेकलं, गेटला लागलं. पहिल्या दोघांतला आणि शेवटच्या दोघांतला वेळ विमान नुसतं जमिनीवर चाललेलं असतं. दोन्हीकडचा मिळून अर्धा तास सहज जातो, गर्दीच्या विमानतळांवर जास्तही.

हवेतला वेळही सरळ भागाकाराने येत नाही. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो. बऱ्याच देशांत १०,००० फुटांखाली २५० नॉटची, म्हणजे ताशी २५० नॉटिकल मैलांची मर्यादा आहे. वर गेल्यावर मोठी नवी विमानं ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट जातात, म्हणजे त्या थंड हवेत ताशी सुमारे ९०० किमी. लहान, खुर्च्यांच्या मधे एकच वाट असलेली विमानं ०.७८ च्या आसपास. पण हा वेग हवेच्या तुलनेत. जमिनीवरचं अंतर कापलं जातं ते वारा मिळवून किंवा वजा करून.

गणिताची_वही

धावपट्टी_२७ यांचा शेवटचा मुद्दा आकड्यांत मांडतो, कारण यात एक गंमत आहे.

समजा अंतर ५,४०० किमी, वेग ताशी ९००. वारा नसेल तर जायला ६ तास, यायला ६ तास, एकूण १२. आता पश्चिमेकडून ताशी १५० चा वारा सुरू करा. पूर्वेला जाताना वेग १,०५०, वेळ ५ तास ९ मिनिटं. पश्चिमेला जाताना वेग ७५०, वेळ ७ तास १२ मिनिटं. एकूण १२ तास २१ मिनिटं.

म्हणजे वाऱ्याने एका बाजूला जे दिलं त्यापेक्षा दुसऱ्या बाजूला जास्त काढून घेतलं. कारण सोपं आहे. उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ राहतो, अनुकूल वाऱ्यातून लवकर बाहेर पडतो. वारा एकसारखा असेल तर जाऊन-येऊनचा प्रवास वाऱ्याविना प्रवासापेक्षा नेहमीच लांबतो.

रात्रीचा_दिवा

हेच उलट टोकाला गेलं की काय होतं याचं उदाहरण फेब्रुवारी २०२० चं. सिआरा वादळाच्या रात्री न्यूयॉर्कहून निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं ७४७ विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं. जमिनीच्या हिशोबाने वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता. तेव्हा अनेकांनी लिहिलं की विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला. तसं नाही. भोवतालच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं, हवाच त्याला वाहून नेत होती.

खरोखर ध्वनीच्या पुढे जाणारं कॉन्कॉर्ड, त्याने हाच मार्ग ७ फेब्रुवारी १९९६ ला २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत कापला.

खिडकीची_जागा

जमिनीवरच्या वेळेबद्दल माझा अनुभव. ऍम्स्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर २००३ मध्ये सुरू झालेली एक धावपट्टी आहे, पोल्डरबान. ती इमारतीपासून इतकी दूर आहे की उतरल्यावर विमान दहा-पंधरा मिनिटं नुसतं चालत राहतं. वाटेत ते महामार्गावरच्या पुलावरून जातं. मी खिडकीतून खाली पाहिलं तर आमच्या पंखाखालून ट्रकची रांग चाललेली, आणि शेजारचा चार-पाच वर्षांचा मुलगा आईला विचारत होता, "आपण आता रस्त्यानेच घरी जाणार का?" त्या दिवशी मला कळलं की चाकं टेकली म्हणजे प्रवास संपला असं नव्हे.

चौकस_काका

सगळं वाचलं. पण तो गायब झालेला तास कुठेय? माझा तर्क असा की जातानाच्या तिकिटावर फक्त हवेतला वेळ छापलाय आणि जमिनीवरचा धरला नाही. तो धरला की ८:५५ होतील.

धावपट्टी_२७

नाही काका. सुटण्याची आणि पोचण्याची वेळ ब्लॉकचीच असते, त्यामुळे त्यांच्यातला फरकही ब्लॉकचाच. आणि तसं असतं तर परतीच्या बाजूलाही तेवढाच फरक दिसला असता. तिथे मिनिटाचाही फरक नाही.

स्पष्टवक्ती

मला वाटतं विमान कंपन्या मुद्दाम वेळ फुगवून छापतात. विमान नेहमी "वीस मिनिटं आधी पोचलो" म्हणून घोषणा करतं, ते कसं? वेळच आधी वाढवून ठेवलेली असते. गेल्या कित्येक वर्षांत विमानं जलद झाली नाहीत, उलट छापील वेळ वाढत गेलीय. प्रवाशाला खरा आकडा द्यायला काय हरकत आहे?

धावपट्टी_२७

@स्पष्टवक्ती, वेळेत भर घातलेली असते हे खरं आहे, नाकारत नाही. पण "खरा आकडा" असा एकच नसतो. तोच मार्ग, तेच विमान, जानेवारीत आणि जुलैत अर्ध्या तासाने वेगळं येतं. त्याच आठवड्यात सोमवार-गुरुवारचा फरक पडतो. मागच्या हंगामांची नोंद काढून, बहुतेक दिवशी पाळता येईल अशी वेळ ठरवतात. १५ मिनिटांच्या आत पोचलं तर वेळेवर, असं धरण्याची पद्धत आहे.

विमानं थोडी हळू चालवतात हेही बरोबर. इंधनाचा खर्च आणि वेळेचा खर्च यांचं गुणोत्तर, ज्याला कॉस्ट इंडेक्स म्हणतात, ते विमानाच्या संगणकात भरतात आणि त्यावरून वेग ठरतो. इंधन महाग झालं की वेग थोडा उतरतो.

आणि हीथ्रोसारख्या ठिकाणी उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. त्यासाठी चार ठरलेल्या जागा आहेत: बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन. दोनच धावपट्ट्या आणि एवढी विमानं, रांग लागणारच. ती दहा-पंधरा मिनिटं वेळापत्रकात धरावीच लागतात.

स्पष्टवक्ती

समजलं, पण पूर्ण पटलं नाही. भर किती घातली हे प्रवाशाला दाखवायला हवं, एवढंच माझं म्हणणं राहील.

बाबा_आणि_गोल

अंतराबद्दल एक घरचा प्रयोग सांगतो, लहान मुलं असलेल्यांनी जरूर करावा. मुलीने विचारलं, विमानं नकाशावर वाकडी का जातात? मी टेबलावरचा पृथ्वीगोल घेतला आणि शिवणाच्या डब्यातला दोरा. हेलसिंकी आणि अलास्कातलं अँकरेज शोधलं. दोन्ही साधारण ६० ते ६१ अंश उत्तर अक्षांशावर, आणि रेखांशात जवळजवळ समोरासमोर. मुलीने दोऱ्याचं एक टोक हेलसिंकीवर अंगठ्याने दाबलं आणि दुसरं टोक अक्षांशाच्या रेषेवरूनच अँकरेजपर्यंत नेलं. तिथे पेनाने खूण केली. मग मी सांगितलं, आता दोरा ओढून ताण. दोरा सरकत सरकत वर गेला आणि थेट उत्तर ध्रुवाशेजारी जाऊन बसला. हातात दोरा उरला चांगला तीन बोटं!

आकड्यांत: अक्षांशाच्या रेषेवरून साडेनऊ हजार किमी, ध्रुवाजवळून सुमारे ६,५०० किमी. ताणलेला दोरा म्हणजेच बृहद्वृत्त, ग्रेट सर्कल. दोऱ्याला गणित येत नाही तरी तो बरोबर वाटेवर जातो, हे बघून मुलगी तासभर गोल सोडेना.

झाडाखालची_शाळा

फार सुंदर! पुढच्या आठवड्यात वर्गात हेच करणार. मर्केटरचा १५६९ चा नकाशा समुद्रात एकच दिशा धरून जाणाऱ्या खलाशांसाठी होता. त्यावरची सरळ रेषा म्हणजे एकच दिशा धरून जाण्याची वाट, सगळ्यात जवळची नव्हे. भिंतीवर तसलाच नकाशा बघत आपण वाढतो, म्हणून विमानाची वाट वाकडी वाटते.

गणिताची_वही

धागाकर्तीच्याच मार्गाचं करून पाहिलं. हीथ्रो-जेएफके एकच दिशा धरून गेलं तर साधारण ५,७६० किमी पडतात, बृहद्वृत्तावरून ५,५४०. इथे फरक २२० किमीचाच. ध्रुवाकडे जावं तसा तो वाढतो, विषुववृत्तावर तो शून्य.

हिमरेषा

आणि ही जवळची वाट नेहमी मोकळी असतेच असं नाही. मी २०१९ मध्ये हेलसिंकीहून टोकियोला गेले. सुमारे ७,८०० किमी, रशियावरून सरळ, साडेनऊ तासांच्या आत-बाहेर. २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झाल्यावर तोच प्रवास पुन्हा केला, जवळजवळ १३ तास. ध्रुवावरून वळसा घालून गेलो. विमानतळ जागचे हलले नव्हते, अंतराच्या तक्त्यात तोच आकडा होता, आणि वेळ मात्र साडेतीन तासांनी वाढली. खाली रात्रभर बर्फच बर्फ, कुठे एक दिवा नाही. शेजारच्या जपानी आजोबांनी सांगितलं की १९८३ मध्ये फिनएअरने टोकियोची थेट सेवा सुरू केली तेव्हाही ध्रुवावरूनच जायचे, कारण तेव्हाही सोव्हिएत आकाश बंद होतं. चाळीस वर्षांनी वाट परत तिथेच आली.

रात्रीचा_दिवा

याच्या उलटही होतं, लांबची वाट जलद. एअर इंडियाची दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को सेवा आधी अटलांटिकवरून जायची, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये ती पॅसिफिकवरून नेली. अंतर वाढून १५,३०० किमी झालं आणि वेळ कमी होऊन साडेचौदा तासांवर आला, कारण वारा पाठीशी. धागाकर्तीच्या "रस्ता तोच असेल तर" याचं उत्तर यातच आहे. रस्ता तोच नसतो.

धावपट्टी_२७

अगदी. अटलांटिकवर तर रस्ते रोज नवे आखतात. वाऱ्याचा अंदाज पाहून दिवसातून दोनदा समांतर मार्गांचा संच जाहीर होतो. दिवसा युरोपकडून अमेरिकेकडे जाणाऱ्यांसाठी, ते जेट स्ट्रीम टाळतात. रात्री परत येणाऱ्यांसाठी, ते जेट स्ट्रीमवर स्वार होतात. पश्चिमेला जाणाऱ्यांचे मार्ग शॅनविक हे ब्रिटन-आयर्लंडकडचं हवाई नियंत्रण केंद्र आखतं, पूर्वेला जाणाऱ्यांचे गँडर हे कॅनडातलं. कधी हे मार्ग आइसलँडकडे सरकतात, कधी पार दक्षिणेला उतरतात.

मुक्काम_पोस्ट

विमानतळांमधलं जमिनीवरचं अंतरही विसरू नका! मी एकदा कनेक्शन घेतलं, उतरायचं एका विमानतळावर आणि पुढचं विमान त्याच शहराच्या दुसऱ्या विमानतळावरून. तिकिटं काढून देणाऱ्याने शहराचं नाव एकच म्हणून बिनधास्त जोडून दिलं होतं. मधे साडेतीन तास. सामान घ्या, इमिग्रेशनमधून बाहेर पडा, बस पकडा, परत सामान द्या, परत सुरक्षा तपासणी. गेट माझ्या डोळ्यांसमोर बंद झालं. काचेपलीकडे विमान उभं होतं, जिनाही लागलेला होता, आणि मी अलीकडे.

हीथ्रो ते गॅटविक सरळ रेषेत ४० किमी, पण रस्त्याने साधारण ६५. टोकियोच्या नारिता आणि हानेदामध्ये सरळ रेषेतच ६० किमी आहेत. शिवाय बाहेर पडायचं म्हणजे त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. तिकिटावर शहराचं नाव वाचू नका, विमानतळाचा तीन अक्षरी कोड वाचा.

खिडकीची_जागा

@मुक्काम_पोस्ट, काचेपलीकडचं विमान वाचून पोटात कालवलं हो.

उनाड_पाऊल

अवांतर: सगळ्यात लहान आणि सगळ्यात लांब प्रवास कोणता?

रात्रीचा_दिवा

लहान: स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांतलं वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे, २.७ किमी. वेळापत्रकात दोन मिनिटं, वारा साथीला असताना ५३ सेकंदांतही गेलंय. लांब: सिंगापूर ते न्यूयॉर्क जेएफके, १५,३०० किमीच्या थोडं वर, अठरा तासांहून जास्त.

घड्याळाच्या बाबतीत सगळ्यात विलक्षण मात्र सामोआ ते अमेरिकन सामोआ. अंतर सुमारे दीडशे किमी, तासाभराच्या आतलं उड्डाण, आणि मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा. फरक बरोबर २४ तासांचा. आज दुपारी निघा, काल दुपारी पोचा. सामोआने ही रेषा स्वतःहून ओलांडली. २०११ मध्ये त्यांच्या दिनदर्शिकेत ३० डिसेंबर आलाच नाही.

चौकस_काका

तास गायब होणं सोडा, इथे अख्खा दिवसच! पण मी माझ्या मुद्द्यावर परत येतो. निळी_छत्रीचं कोडं अजून कुणी सोडवलेलं नाही. कदाचित छपाईची चूक असेल.

रात्रपाळी

मी रुग्णालयात परिचारिका आहे, मधुमेहाच्या रुग्णांना प्रवासाआधी समजावून सांगणं हे माझ्या रोजच्या कामात येतं. म्हणून चूक आहे असं मानून पुढे जाऊ नका एवढीच विनंती. डॉक्टर डोस ठरवताना दोन डोसमध्ये खरे किती तास जाणार हेच विचारतात. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, पूर्वेला जाताना आखूड होतो. एका तासाची चूक राहिली तर जेवण आणि इन्सुलिनची सांगड बिघडते. डोस किती आणि कधी हे मी इथे सांगणार नाही, ते आईंना तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

मात्र इन्सुलिन चेक-इनच्या सामानात अजिबात टाकू नका, तिथे ते गोठू शकतं. हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. आणि प्रवासाचा दिवस लांबणार असेल तर जवळ खायला काहीतरी ठेवा.

निळी_छत्री, तारखा कोणत्या आहेत तेवढं सांगाल का? दिवसाची लांबी काढायला उपयोग होईल.

निळी_छत्री

सगळ्यांचे किती आभार मानू! रोज रात्री काम आटोपून हा धागा उघडते. जाणं १८ मार्च, येणं २० एप्रिल.

गणिताची_वही

सापडला! तास सापडला!

हा प्रश्न मी पहिल्याच प्रतिसादात विचारायला हवा होता. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे करतात. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी. दुसरा रविवार १४ तारखेपर्यंत होऊन जातो आणि शेवटचा २५ च्या आत येत नाही. म्हणजे १८ मार्च कोणत्याही वर्षी या मधल्या दिवसांतच पडतो. न्यूयॉर्क पुढे सरकलेलं, लंडन अजून जुन्याच वेळेवर. त्या दिवसांत फरक ५ तासांचा नसून ४ तासांचा.

आता हिशोब ग्रिनिच वेळेत करा, लंडनची जुनी वेळ म्हणजे तीच. ११:२० ला सुटलं. न्यूयॉर्कचे १५:१५ म्हणजे ग्रिनिचचे १९:१५. मधे ७ तास ५५ मिनिटं. तिकीट बरोबर आहे.

परतताना २० एप्रिलला दोन्हीकडची घड्याळं बदललेली, फरक परत ५. म्हणून तुमचा तो हिशोब जुळला.

चौकस_काका

वा! छपाईची चूक हा माझा तर्क मागे घेतो. मनापासून आनंद झाला.

धावपट्टी_२७

आमच्या खोलीतल्या भिंतीवर एकच घड्याळ मोठं असायचं, ग्रिनिचचं. सगळे मार्ग, सगळ्या वेळा, सगळं त्याच वेळेत. नवीन मुलांना पहिल्या दिवशी सांगायचो की स्थानिक वेळ फक्त प्रवाशाला सांगायची, हिशोबात घ्यायची नाही. आणि तरी मला इथे तारीख विचारायचं सुचलं नाही. रात्रपाळी ताई, तुम्ही विचारलंत म्हणून सुटलं.

ताई, एक गोष्ट लक्षात ठेवा. ७:५५ हा वेळापत्रकाचा आकडा आहे. डॉक्टरांशी बोलताना पुढे दोन तास उशीर धरूनही विचारा. विमान गेटवर थांबून राहिलं तर काय करायचं, हे आईंना आधी माहीत हवं.

रात्रपाळी

यालाच माझं पूर्ण अनुमोदन. आता दिवसांची लांबी: जाताना आईंचा दिवस २४ अधिक ४, म्हणजे २८ तासांचा. येताना २४ वजा ५, म्हणजे १९ तासांचा. हे दोन आकडे आणि दोन्ही ब्लॉक टाइम असे चार आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा.

निळी_छत्री

काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. चारही आकडे कागदावर लिहून नेले होते. त्यांनी वाचून प्रवासाचे दोन्ही दिवस स्वतंत्र लिहून दिले, उशीर झाला तर काय करायचं तेही. घरी येऊन मी मोठ्या अक्षरांत दोन रकाने केले, डावीकडे ग्रिनिच वेळ आणि उजवीकडे तिथली वेळ. डोसच्या जागी लाल पेनाने गोल. आईच्या जुन्या चावीच्या घड्याळावर आत्ता ग्रिनिचचीच वेळ आहे, तीच प्रवासभर ठेवायची असं ठरलं. तिने एवढंच विचारलं, "मग मी घड्याळाला हातच लावायचा नाही ना? फक्त चावी द्यायची?" मी म्हटलं, फक्त चावी.

गणिताची_वही

ताई, एक बारीक गोष्ट. आई परत येईपर्यंत लंडनही एक तास पुढे गेलेलं असेल. घड्याळ ग्रिनिचवरच राहणार, त्यामुळे हीथ्रोवर उतरल्यावर भिंतीवर ९:२० दिसतील आणि मनगटावर ८:२०. घड्याळ मागे पडलं असं त्यांना वाटू नये. डोसचा हिशोब मनगटावरच्याच वेळेने करायचा.

निळी_छत्री

बरं झालं सांगितलंत! कागदाच्या खाली तिसरी ओळ लिहिली: "उतरल्यावर भिंतीवरचं घड्याळ एक तास पुढे असेल, घाबरायचं नाही." आईला वाचून दाखवली, ती म्हणाली अक्षर अजून थोडं मोठं काढ.